कँटरबरीचे मित्रमंडळ : एका महावास्तूचे लोकाश्रित जीवन

इंग्लंडातील अँग्लिकन चर्च हे राज्यमान्य धर्मसंस्थान होय; तेथील राजा वा राणी त्याचे सर्वोच्च अधिपती असतात, काही बिशप पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहात बसतात आणि राज्याभिषेकाचा विधी कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हस्ते होतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याची सहजच अशी समजूत होते की, त्या देशातील प्रचंड कॅथेड्रलांची, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चांची, डागडुजीही सरकारी खजिन्यातूनच होत असली पाहिजे. वस्तुस्थिती निराळी आहे. डीन, म्हणजे कॅथेड्रलचा प्रमुख धर्मगुरू, व त्याचे सहकारी दोन कॅनन यांचे वेतन चर्चच्या मध्यवर्ती निधीतून मिळते, आणि एखाद्या विशेष प्रसंगी सरकारही हात सैल सोडते. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली कॅथेड्रलांच्या दुरुस्तीसाठी दोन कोटी पौंडांचा आणि पुढे २०१६ साली तितक्याच रकमेचा निधी सरकारने दिला, तो असा. परंतु छपराचे शिसे, भिंतींचे दगड, खिडक्यांच्या काचा, गायकवृंदाचे शिक्षण आणि रात्रीची राखण यांचा दरसालचा खर्च ज्या त्या कॅथेड्रलने स्वतःच उभा करायचा, हा तेथील शिरस्ता आहे. हा भार ज्यांच्या खांद्यांवर उभा आहे, त्या हजारो बिनमोबदला राबणाऱ्या माणसांचा, आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या एका साध्या पण दूरदर्शी तजविजीचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कँटरबरीचे हे धर्मपीठ इ. स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरीने पाठविलेल्या ऑगस्टीनने स्थापन केले. तेथील आर्चबिशप टॉमस बेकेट याचा २९ डिसेंबर ११७० रोजी दुसऱ्या हेन्री राजाच्या सरदारांनी कॅथेड्रलमध्येच वध केला. ११७३ साली पोपने त्याला संतपद दिले, आणि त्याच्या समाधीच्या दर्शनासाठी साऱ्या युरोपातून यात्रेकरूंची रीघ लागली. ११७४ च्या सप्टेंबरात लागलेल्या आगीत इमारतीचा पूर्वेकडील भाग भस्मसात झाला, तेव्हा फ्रान्समधून आलेल्या विल्यम ऑफ सान्स या स्थपतीने तो नव्या, टोकदार कमानींच्या शैलीत बांधावयास घेतला, आणि ११७८ साली परांचीवरून पडून तो जायबंदी झाल्यावर त्याच्याच नावाच्या एका इंग्रज स्थपतीने ते काम तडीस नेले. भाविकांच्या दानाचा ओघ त्या काळी अखंड होता. पुढे आठव्या हेन्रीने १५३८ साली बेकेटची समाधी उद्ध्वस्त करून तिची संपत्ती राजकोशात जमा केली, आणि कॅथेड्रल सांभाळणाऱ्या भिक्षूंचा मठ बरखास्त करून डीन आणि त्याचे सहकारी यांच्या मंडळाकडे कारभार सोपविला. आणि त्या मंडळाच्या हाती ज्या जमिनी व जी उत्पन्ने उरली होती, त्यांतील बराच मोठा हिस्सा १८४० च्या कायद्याने नव्या औद्योगिक शहरांतील चर्चांकडे वळविण्यात आला. यात्रेकरूंचे दान गेले, वतनाचे उत्पन्न आटले, आणि इमारत मात्र होती तेवढीच राहिली.

या इमारतीचा पुष्कळसा दगड समुद्रापलीकडील नॉर्मंडीतील कां या गावाच्या खाणींतून आणलेला, फिकट पिवळसर चुनखडीचा आहे. छिन्नीखाली तो सहज वळतो, म्हणूनच त्यावर इतके नाजूक कोरीवकाम होऊ शकले. परंतु हाच मऊपणा त्याचा वैरी ठरतो, कारण पाऊस, गोठणारे दव आणि कोळशाचा धूर यांनी त्याचे पापुद्रे सुटत जातात. तो बदलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. २००९ साली दक्षिणेकडील महागवाक्षाच्या चौकटीचा दगड निखळून खाली आला, तेव्हा तिच्यातील बाराव्या शतकातील, ख्रिस्ताच्या पूर्वजांची चित्रे असलेल्या काचा उतरवून, चौकट जवळजवळ नव्याने उभारून ते काम पूर्ण व्हावयास सुमारे सात वर्षे लागली. आपल्या कोकणातील घराची शाकारणी जशी दर पावसाळ्यापूर्वी करावीच लागते, गेल्या वर्षी चोख केली होती एवढ्याने यंदा ती चुकत नाही, तसाच हा प्रकार आहे. अशा वास्तूला एकदाच मिळालेली मोठी देणगी पुरत नाही. तिला दरसाल येणाऱ्या पैशाची आणि दररोज येणाऱ्या माणसांची गरज असते.

ही गोष्ट ज्याने नेमकी ओळखली, तो जॉर्ज बेल हा १९२४ ते १९२९ या काळात कँटरबरीचा डीन होता. त्याच सुमारास चेस्टरचा डीन फ्रँक बेनेट याने आपल्या कॅथेड्रलमध्ये प्रवेशासाठी घेतली जाणारी फी बंद करून दारे सर्वांसाठी मोकळी केली होती, आणि पाहुण्यांनी राजीखुशीने टाकलेल्या पैशाची रक्कम फीच्या उत्पन्नापेक्षा जास्त भरते, असा सुखद अनुभव त्याला आला होता. बेलने एक पाऊल पुढे टाकले. कॅथेड्रलवर प्रेम करणारे लोक केवळ कँटरबरीत नाहीत, ते देशभर आणि परदेशांतही विखुरलेले आहेत. त्यांतील पुष्कळ जण नित्य उपासनेस येणारेही नाहीत. परंतु त्यांना एखादे नाते, एखादे नाव आणि झेपेल एवढी वार्षिक वर्गणी दिली, तर त्यांच्या विखुरलेल्या ममतेतून एक शाश्वत आधार उभा राहील, असा त्याचा विचार होता. त्यातून १९२७ साली ‘कँटरबरी कॅथेड्रलचे मित्र’ ही संस्था जन्माला आली. इंग्लंडातील कॅथेड्रलांच्या अशा मित्रमंडळांत ती पहिली. यॉर्क येथे १९२८ साली, एक्झेटरला १९२९, सॉल्झबरीला १९३० आणि विंचेस्टरला १९३१ साली तशीच मंडळे निघाली, आणि आज तेथे मित्रमंडळ नसलेले कॅथेड्रल विरळाच आढळते.

संस्था स्थापन करणे सोपे, चालविणे कठीण. आणि कँटरबरीचे मित्रमंडळ चालविण्याचे श्रेय मार्गारेट बॅबिंग्टन या विदुषीकडे जाते. १९२८ पासून १९५८ पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, त्यांनी या मंडळाचे व्यवस्थापन आणि खजिनदारी अशी दोन्ही कामे मानद म्हणून सांभाळली. सभासदांशी पत्रव्यवहार, वर्गणीची वसुली, जमाखर्चाचे दप्तर, मंडळाचे नियतकालिक, पाहुण्यांचे स्वागत आणि दरसालच्या उत्सवाची आखणी यांत त्यांनी आपले उत्तरायुष्य खर्ची घातले. कॅथेड्रलच्या आवारात शिरण्याचे जे भव्य वेशीवजा ‘ख्राइस्ट चर्च गेट’ आहे, त्याचे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पाडलेले दोन्ही बुरूज १९३७ साली पुन्हा उभे राहिले, ते याच काळातील जीर्णोद्धारात. प्रत्येक मोठ्या लोकसंस्थेच्या मुळाशी बहुधा असे एखादे माणूस असते, की जे भाषणे थोडी करते आणि पावत्या पुष्कळ फाडते.

परंतु बेलची दृष्टी पैशापाशी थांबली नाही. कॅथेड्रल हे केवळ जतन करावयाचे प्राचीन अवशेष नव्हे, तर कवी, संगीतकार आणि नट यांनाही त्यात पुन्हा घर मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १९२८ च्या मे महिन्यात, पेंटेकॉस्टच्या पर्वावर, जॉन मेसफील्डने लिहिलेले आणि गुस्ताव्ह होल्स्टने संगीत दिलेले ‘द कमिंग ऑफ ख्राइस्ट’ हे नाटक कॅथेड्रलच्या मध्यदालनात झाले. मध्ययुगानंतर इंग्लंडातील कॅथेड्रलमध्ये झालेला हा पहिलाच नाट्यप्रयोग मानला जातो. होल्स्टने गायनासाठी आपल्या विद्यार्थ्यांना आणले होते. हौशी माणसांच्या कंठांनीच त्या प्रचंड दालनात सूर भरला. येथूनच मित्रमंडळाच्या आश्रयाखालील कँटरबरी उत्सवाची परंपरा सुरू झाली.

त्या परंपरेचे सर्वांत मोठे फळ १९३५ साली मिळाले. तोवर बेल चिचेस्टरचा बिशप झाला होता. त्याच्याच प्रेरणेने टी. एस. एलियटने या उत्सवासाठी बेकेटच्या हौतात्म्यावर ‘मर्डर इन द कॅथेड्रल’ हे पद्यनाटक लिहिले, आणि त्याचा पहिला प्रयोग १५ जून १९३५ रोजी कॅथेड्रलच्या चॅप्टर हाउसमध्ये, जेथे बेकेट पडला त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर झाला. दिग्दर्शन ई. मार्टिन ब्राउन यांचे होते, आणि बेकेटची भूमिका रॉबर्ट स्पेट यांनी केली. दोन वर्षांनी डोरोथी सेयर्स यांनी त्याच उत्सवासाठी ‘द झील ऑफ दाय हाउस’ हे नाटक लिहिले. त्याचा नायक परांचीवरून पडलेला तोच स्थपती विल्यम ऑफ सान्स. विसाव्या शतकातील इंग्रजी काव्यनाट्याचे एक दालनच ज्यांनी उघडले, त्या कृती एखाद्या धनाढ्य नाट्यगृहाच्या पैशाने नव्हे, तर दगडदुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या एका मंडळाच्या उत्सवासाठी जन्मल्या, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. निधी जमविण्यासाठी केलेला समारंभ हा केवळ साधन राहत नाही. तो मनापासून केला, तर ज्या वास्तूसाठी तो असतो, तिच्या जीवनाचा भाग होऊन बसतो.

दुसऱ्या महायुद्धात, ३१ मे–१ जून १९४२ च्या रात्री जर्मन विमानांनी कँटरबरी शहरावर बॉम्बवर्षाव केला. शहराचा मोठा भाग जळाला, कॅथेड्रलचे ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. परंतु मूळ वास्तू वाचली, कारण छपरावर पहारा देणाऱ्या माणसांनी तेथे पडणारे आगलावे बॉम्ब हातोहात उचलून खाली फेकून दिले. प्राचीन काचा आधीच काढून सुरक्षित ठेवलेल्या होत्या. त्या रात्री जे छपरावर उभे राहिले, त्यांनी वास्तूविषयीच्या मैत्रीचा अर्थ आपला जीव धोक्यात घालून सिद्ध केला.

शांततेच्या काळातील सेवा अशी रोमहर्षक नसते, पण तिची किंमत कमी नाही. विंचेस्टरचे उदाहरण घ्यावे. तेथे १९३१ पासून लुईसा पेसेल या नामांकित भरतकाम-तज्ज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली स्वयंसेविकांच्या मोठ्या जथ्याने गायनस्थानासाठी आसनांच्या गाद्या आणि गुडघे टेकण्याच्या उशा भरावयास घेतल्या. जाड जाळीदार कापडावर रंगीत लोकरीने टाका टाका मोजून ही वीण भरावी लागते. कापडाचा तसूभरही भाग उघडा ठेवता येत नाही, आणि एका जागी टाका चुकला, की पुढची सारी नक्षी सरकते. गाद्यांच्या मध्यभागी सिबिल ब्लंट यांनी आखलेली, त्या नगरीच्या इतिहासातील प्रसंगांची पदके आहेत, आणि भोवती गाठी व चौकटी यांची गुंफण आहे. ज्या स्त्रियांनी हे काम केले, त्यांतील पुष्कळ जणी यापूर्वी असे भरतकाम कधी शिकल्याही नव्हत्या. पाच-सहा वर्षांत शेकडो नग तयार झाले, आणि आजही ते त्या जागी पाहावयास मिळतात.

अलीकडच्या काळात युक्त्या बदलल्या, तत्त्व बदलले नाही. डरहॅम येथे जुलै २०१३ मध्ये लेगोच्या खेळातील ठोकळ्यांनी कॅथेड्रलची प्रतिकृती बांधावयास आरंभ झाला. येणाऱ्या पाहुण्याने एक पौंड द्यावा आणि त्याबद्दल एक ठोकळा आपल्या हाताने बसवावा. स्वयंसेवकांनी नकाशा पाहून जागा दाखवावी, चुकला तर दुरुस्त करावा. तीन वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, तीन लाख ठोकळ्यांची आणि सुमारे साडेबारा फूट लांबीची ती प्रतिकृती पूर्ण झाली, तेव्हा कॅथेड्रलच्या संग्रहालयाच्या योजनेसाठी तीन लाख पौंडही जमलेले होते. एका लहान मुलाने बसविलेला ठोकळा आणि एखाद्या वृद्धाने बसविलेला ठोकळा यांत प्रतिकृतीला काही भेद करता आला नाही. याखेरीज पुष्पप्रदर्शने, मनोऱ्यावरील चढाई, मेणबत्त्यांच्या प्रकाशातील गायन, व्याख्याने, फराळाच्या विक्रीची टेबले आणि वाटाड्याचे काम ही नित्याची सेवा आहेच.

या उपक्रमांना मर्यादा कोणती, हा प्रश्न मात्र वारंवार उठतो, आणि तो गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये नॉरिचच्या कॅथेड्रलमध्ये जत्रेतील सुमारे पन्नास फूट उंचीची चक्राकार घसरगुंडी उभारण्यात आली, तेव्हा पवित्र स्थानाची ही विटंबना आहे, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. वरच्या छताला जडविलेल्या कोरीव गाठी लोकांना जवळून पाहता याव्यात आणि एरवी न येणारी माणसे आत यावीत, असा चालकांचा खुलासा होता. माझ्या मते कसोटी एकच असावी : त्या कार्यक्रमाने माणूस वास्तूकडे अधिक निरखून पाहू लागतो, की तिच्याकडे पाठ फिरवतो? छताकडे मान वर करावयास लावणारी घसरगुंडी या कसोटीला उतरू शकते, आणि अत्यंत शिष्टसंमत मेजवानीही कधीकधी उतरत नाही.

लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहणाऱ्या वास्तूंची ही परंपरा आपल्याकडेही आहे; मुंबईचे सेंट टॉमस कॅथेड्रल तिच्यातलेच होय. त्याचा पाया गव्हर्नर जेरल्ड ऑंजिअर याने १६७६ साली घातला, आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे भिंती अर्धवट राहिल्या. १७१५ नंतर रिचर्ड कॉब या धर्मगुरूने उपदेश करून लोकांकडून वर्गण्या गोळा केल्या, तेव्हा कोठे १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. त्या दिवशी शेणवी समाजातील धनिक रामा कामती आपल्या ज्ञातिबांधवांसह बाहेर उभे राहून उपासना पाहत होते, असे कॉबने नोंदवून ठेवले आहे. १८३७ साली या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. त्याच्या पश्चिम दारासमोरील कारंजे कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या पैशाने झाले. तेथील जीर्णोद्धाराच्या कामास २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला. चर्चगेट हे नाव दररोज लाखो मुखांतून जाते. त्या नावातील चर्च हेच.

या साऱ्या इतिहासातून निघणारा बोध माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे. राजाश्रय येतो आणि जातो. ज्या सत्तेने समाधीवर सोने चढू दिले, तिनेच ते उतरवून नेले. धनिकाची देणगी त्याच्या हयातीपुरती किंवा एखाद्या शिलालेखापुरती असते. परंतु थोडे देणारे पुष्कळ लोक जेव्हा एखाद्या वास्तूला आपली म्हणतात, वर्षाला एकदा तिचा हिशेब तपासतात, आणि वर्षभर तिच्यात काहीतरी घडवून आणतात, तेव्हा तिच्यावर कोणा एकाची मालकी न राहता तिचे पालकत्व सर्वांकडे जाते. बेलने कँटरबरीत १९२७ साली हेच केले. आपल्याकडे किल्ले, देवळे, मशिदी, चर्चे आणि वाडे यांच्या दुरवस्थेबद्दल हळहळ पुष्कळ होते. त्या हळहळीला नाव, वर्गणी आणि ठरलेले काम यांची जोड देणारी मंडळे गावोगाव निघाली, तर त्या हळहळीचे जीर्णोद्धारात रूपांतर व्हावयास फार काळ लागणार नाही.