‘तो’मध्ये ‘ती’ येते का?

चतुर्थीला आमच्या आचऱ्यातली घरं माणसांनी भरून जातात. एरवी कुलूप असलेल्या घरांतही दिवे लागतात, माटवी बांधली जाते आणि रात्री उशिरापर्यंत भजनं चालतात. मुंबईत कायद्याचं शिक्षण घेणारी माझ्या पुतणीची मुलगीही आली होती. आरती आटोपल्यावर पडवीत बसून ती म्हणाली, “आजी, आमचे सर परवा वर्गात काय म्हणाले, ठाऊक आहे? ‘मुलींनो, पोटगीचं प्रकरण नीट करा, पुढे तुम्हालाच उपयोगी पडेल.’ सगळा वर्ग हसला.”

“आणि तू?”

“मीही हसले. त्याचाच जास्त राग येतोय.”

शेजारची काकी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “गे बाय, मास्तर बोललो ता बोललो. तू आधी पास हो.” विषय तिथंच थांबला. माझ्या मनात मात्र तो थांबेना, कारण या बाबतीत माझ्या नावावर एक जुनी थकबाकी आहे.

बँकेत अधिकारी असताना काही वर्षं मी एका वाणिज्य महाविद्यालयात बँकव्यवहार शिकवायला जात असे. एकदा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिच्या वहीच्या कडेला छोट्या छोट्या रेघा मारलेल्या होत्या. “मॅडम, आज तुम्ही एकोणीस वेळा ‘कर्जदार’ म्हणालात आणि प्रत्येक वेळी तो ‘तो’ होता. बाई एकदाच आली, तारण ठेवायचे दागिने कुणाचे, हे सांगताना.” मी हसून म्हटलं, “अगं, ‘तो’मध्ये ‘ती’ येतेच की!” मी स्वतः बाई, कर्जाच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार असलेली; तरी माझ्या जिभेवरचा कर्जदार धोतर नाहीतर पँट घालूनच येत होता. मुलीनं वही मिटली. पुढे ती काही विचारायला कधी थांबली नाही.

खरंच, ‘तो’मध्ये ‘ती’ येते का? पुल्लिंगी शब्दात स्त्रीचाही समावेश समजावा, असा नियम आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये लिहूनच ठेवला आहे. पण कागदावरचा नियम वेळेला कसा वागतो, ते पाहावं. मुंबई विद्यापीठानं १८८३ साली स्त्रियांना पदवीची दारं उघडली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. पण पदवी हाती पडायला १९२२ साल उजाडलं, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. इकडे १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयानं ती नाकारली. १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही तेच उत्तर मिळालं. कायद्यातल्या ‘तो’मध्ये ‘ती’ येत नाही, असा त्याचा अर्थ. अखेर १९२३ साली स्त्रियांना वकिली करता यावी म्हणून वेगळा कायदाच करावा लागला. तो दंड भरताना आणि शिक्षा भोगताना ‘तो’मध्ये ‘ती’ बिनतक्रार येत होती. सनद मागायला गेली की तेवढी बाहेर राहत होती!

आपली मराठी तर पावलोपावली लिंग विचारणारी भाषा. ‘मी जातो’ की ‘मी जाते’, हे सांगितल्याशिवाय तिच्यात घराबाहेरही पडता येत नाही. गंमत म्हणजे आमच्या मालवणीत तसं नाही. बापयो म्हणतो ‘मी जातंय’ आणि बायलही म्हणते ‘मी जातंय’. तो जाता, ती जाता, ता जाता; क्रियापद सगळ्यांना सारखंच. मग मालवणी मुलखात समानता कधीच नांदायला हवी होती. पण याच बोलीत ‘झील’ पुल्लिंगी आणि ‘चेडू’ नपुंसकलिंगी आहे. झील इलो, चेडू इला. आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागतं, हे कुठल्याही तलाठ्याला विचारावं. तेव्हा व्याकरण बदललं की माणसं बदलतील, इतकी भाबडी मी नाही. ग्रामपंचायतींत बायकांना राखीव जागा आल्या, ‘सरपंच’ हा शब्द दोघांनाही चालला. पण त्याबरोबर ‘सरपंचपती’ नावाचं एक नवंच पद गावोगाव जन्माला आलं, हेही आपण पाहिलंच.

तरीही शब्दांना काही अर्थच नाही, असं म्हणवत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०२५ साली ‘कुलपति’ हा हिंदी शब्द काढून ‘कुलगुरु’ हा शब्द घेण्यात आला. त्या पदावर तेव्हा शांतिश्री पंडित होत्या, आपल्या पुणे विद्यापीठात शिकवून गेलेल्या. महाराष्ट्रात आपण ‘कुलगुरू’ कितीतरी वर्षं म्हणत आलो आहोत. त्यामुळे त्या खुर्चीवर बाई बसली तेव्हा तिला कुणाचा ‘पती’ व्हावं लागलं नाही. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बाबांनाही भाजी निवडायला बसवलं, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मुलांना त्यात काही वावगं वाटल्याचं ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढून स्त्रियांविषयीचे कोणते शब्द निकालपत्रात टाळावेत, ते सांगितलं. आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘तो’ची व्याख्या करताना स्त्री-पुरुषांबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख आला.

याचा अतिरेकही होतो, हे खरं. ‘विद्यार्थी/विद्यार्थिनींनी आपला/आपली ओळखपत्र घेऊन यावा/यावी’ अशी सूचना मी पाहिली आहे. त्यात ओळखपत्राचंही लिंग बदललं होतं! एवढ्या तिरक्या रेघांची गरजच नाही. ‘तुम्ही’ म्हटलं, अनेकवचन वापरलं, की निम्मं काम होतं. उरलेलं काम उदाहरणांनी करावं. आज कर्जदार मासळीचा धंदा करणारी बाई असू दे, उद्या रिक्षावाला असू दे. जामीन कधी मुलीनं बापाला राहावं. मात्र वर्गातला विनोद हा व्याकरणाचा प्रश्न नव्हे. शिक्षकाच्या हाती गुण असतात, म्हणून त्याच्या विनोदाला हसणं ही विद्यार्थ्यांची फीच होऊन बसते.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, “तुझं ते पोटगीचं प्रकरण काढ बघू.” १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची कलमं २४ आणि २५ आम्ही दोघींनी मिळून वाचली. पोटगी पत्नी मागू शकते, तशीच पतीही मागू शकतो, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे सरांचा विनोद कडू होताच, शिवाय कायद्याच्या दृष्टीनं चुकीचाही होता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “विचारू? आमच्याकडे अंतर्गत गुण असतात, आजी.”

विचार किंवा विचारू नकोस, मी काहीच म्हटलं नाही. तिच्या गुणांवर माझा शहाणपणा मिरवण्याचा मला काय अधिकार?

सुट्टी संपल्यावर आठवड्याभरानं तिचा फोन आला. तिनं विचारलं होतं, दोन्ही कलमांचे आकडे सांगून. सर क्षणभर थांबले, “बरोबर आहे,” म्हणाले आणि पुढच्या कलमाकडे वळले. “कुणी हसलं नाही, आजी,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला ती रेघा मारणारी मुलगी आठवली. तिचं नाव काही केल्या आठवत नाही. ‘तुझं बरोबर आहे,’ एवढे तीनच शब्द तेव्हा तिला म्हटले असते, तर ही थकबाकी आज माझ्या नावावर राहिली नसती.