पारावरचा प्रबंध

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींनी आपलं काम चारचौघांना सांगितलं पाहिजे, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वाद उरला आहे तो कसं सांगावं याचा. त्या वादात मी गेली पस्तीस वर्षं एकाच बाजूला आहे. पडदा बाजूला ठेवा, हातात वस्तू घ्या, समोरच्याच्या भाषेत बोला आणि मिळालेल्या वेळातला निम्मा वेळ प्रश्नांना द्या. संपादकांनी आढावा मागितला आहे, तो देतोच. मात्र तटस्थ राहून लिहिणं मला जमणार नाही, आणि या विषयात ते जमवावं असंही वाटत नाही.

विद्यार्थ्यांनी लोकांपुढे ज्ञान मांडायची कल्पना परदेशातून अलीकडे आली, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांना मी १८४८ सालची मुंबई दाखवतो. त्या वर्षी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. दादाभाई नौरोजी तिच्या उभारणीत होते. या संस्थेतून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर बोलणं होई, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकाने असं लिखाण छापायला घेतलं. नुकतंच इंग्रजीतून शिकलेलं ज्ञान विशीतला मुलगा मराठीत उभं करत होता. त्याच्या हाताशी शास्त्रीय परिभाषेचा एकही कोश नव्हता. आज आपल्यापाशी भाषा संचालनालयाचे कोश आहेत, विश्वकोशाचे खंड आहेत, आणि तरीही “मराठीत शब्द नाहीत हो, सर” हे वाक्य मला दर वर्षी ऐकावं लागतं.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. अधिवेशनं, पत्रिका, विज्ञानकथांच्या स्पर्धा हा सगळा इतिहास या अंकाच्या वाचकांना ठाऊक आहे. विद्यापीठांमधले ‘आविष्कार’ महोत्सव आणि २०१८ मध्ये सुरू झालेली संशोधकांसाठीची ‘अवसर’ ही केंद्राची लेखनस्पर्धा यांबद्दलही मला फारसं सांगायचं नाही. पहिल्यात भित्तिफलकापाशी उभं राहून परीक्षकांशी बोलायचं असतं, दुसरीत लिहायचं असतं. समोर बसलेल्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायची तालीम दोन्हींत होत नाही.

ती तालीम ज्याने मनापासून केली तो मायकेल फॅरडे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला बसला, त्यांची टिपणं काढली आणि स्वतःच्या हाताने बांधली. पुढे त्याच संस्थेत काम मिळाल्यावर त्याने वक्तृत्वशिक्षकाकडे जाऊन रीतसर धडे घेतले. स्वतःच्या बोलण्याचा वेग वाढतो हे ओळखून ‘सावकाश’ असं लिहिलेलं कार्ड तो समोर ठेववून घेई. नाताळात मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला त्याने दिल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली माला एका मेणबत्तीवर आहे. ज्योत का उभी राहते, मेण वर कसं चढतं, जळून काय उरतं, असं करत तो श्वासोच्छ्वासापर्यंत पोचतो. लंडनमधल्या कुठल्याही घरात मिळेल अशी ती वस्तू. माझ्या बाजूचा सगळा पुरावा त्या मेणबत्तीत आहे.

आता सध्या गाजत असलेल्या तीन मिनिटांच्या स्पर्धेकडे वळतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाने ती २००८ मध्ये सुरू केली. तिचा उगम मला आवडतो. त्या प्रांतात तेव्हा कडक दुष्काळ होता, अंघोळ झटपट उरकावी म्हणून लोकांनी न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचं घड्याळ लावलं होतं, आणि त्यावरून तिथल्या अधिष्ठात्यांना सुचलं की प्रबंधही तेवढ्याच वेळात सांगता यावा. पाण्याच्या तुटीतून निघालेली ही कल्पना देशोदेशी गेली, आपल्याकडेही रुजली. छाटणीची सवय लावण्यासाठी ती चांगली आहे, हे मी मान्य करतो. पण तिचे दोन नियम मला कधीच पटले नाहीत. एक स्थिर चित्र चालतं, हातात वस्तू चालत नाही. आणि बोलणं संपलं की संपलं, श्रोत्यांच्या प्रश्नांना जागाच ठेवलेली नाही. फॅरडेच्या हातातून मेणबत्ती काढून घेतली असती तर काय उरलं असतं? या स्पर्धेचे आपल्याकडचे पुरस्कर्ते म्हणतात की वस्तू आली की पोरखेळ होतो, विषयाचं गांभीर्य जातं. मला वाटतं, ज्याने आपला विषय हाताने कधी हाताळलेला नसतो त्यालाच वस्तूची भीती वाटते.

मी भूशास्त्राचा मास्तर. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग ज्या काळ्या खडकावर उभा आहे, त्यातलं पाणी हा माझ्या विद्यार्थ्यांचा विषय. एका वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली. हुशार, मेहनती, चाळीस विहिरींची दर महिन्याची पातळी मोजलेली. तिचा पहिला सराव मी महाविद्यालयातल्या शिपाईमामांपुढे ठेवला, कारण त्यांची स्वतःची तीन एकर कोरडवाहू जमीन होती. तिने सच्छिद्रता आणि पार्यता या दोन शब्दांनी सुरुवात केली. मामा पाच मिनिटं आदराने ऐकत बसले आणि मग म्हणाले, “ताई, पाण्याचं कधी सांगणार?”

त्या दिवसापासून आम्ही कीर्तनाकडे वळलो. माझे आजोबा नारदीय कीर्तन करत, त्यामुळे त्याचा घाट माझ्या अंगात होता. बुवा पूर्वरंगात एक पद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. मग नामाचा गजर होतो, बुवांना हार-बुक्का होतो, ऐकणारे जरा सैलावतात. उत्तररंगात तोच सिद्धान्त अंगावर घेणारं एखादं आख्यान येतं, आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ पदाशी येऊन थांबतात. संशोधन सांगायला याहून चांगला साचा मला आजवर सापडलेला नाही. पूर्वरंगात एकच प्रश्न घ्यायचा: एकाच शिवारात एका विहिरीला पाणी आणि दुसरी कोरडी, असं का? उत्तररंगात चाळीस विहिरींपैकी एकच निवडायची आणि तिची वर्षभराची हकिगत सांगायची. उरलेल्या एकोणचाळीस विहिरी विद्यार्थ्याच्या पोटात राहतात. त्या बोलण्याला वजन देतात, बोलण्यात यायची त्यांना गरज नसते. हे सोडून देणं विद्यार्थ्याला फार जड जातं. तीन वर्षं उन्हातान्हात केलेली मोजणी टाकून दिल्यासारखं त्याला वाटतं, आणि मार्गदर्शकाचं खरं काम तिथे त्याच्या पाठीशी उभं राहण्याचं असतं.

पुढे गावातल्या पारावर ती आपलं काम सांगायला गेली, तेव्हा वस्तू म्हणून तिने तीन दगड घेतले. पहिला घट्ट काळा पाषाण. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं की सगळं ओघळून जातं. दुसरा ताजा, भोकाभोकांचा मांजऱ्या. पाणी भोकांत साचतं, पण आत उतरत नाही, कारण एक भोक दुसऱ्याला जोडलेलं नाही. तिसरा तोच मांजऱ्या, पण झिजलेला, भेगाळलेला. तो पाणी पिऊन टाकतो आणि थोड्या वेळाने खालून ओला होतो. तिन्ही दगड लोकांच्या हातांत फिरले, कुणी नखाने उकरून पाहिले, आणि मगच तिने सांगितलं की भोकं असण्याला आम्ही सच्छिद्रता म्हणतो आणि ती एकमेकांना जोडलेली असण्याला पार्यता. शब्द आधी आला असता तर तो तिथेच पडून राहिला असता. दगडानंतर आल्यामुळे पारावरच्या लोकांनी तो त्याच संध्याकाळी वापरायला घेतला. परिभाषेवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना मी हे सांगत आलो आहे. इंग्रजी शब्दावाचून अडणारे आणि जड संस्कृत शब्दाशिवाय समाधान न होणारे, दोघेही शब्दाची वेळ चुकवतात.

हे लिहिताना जुन्या दिवसांची आठवण येते आणि आजचं चित्र पाहून जीव कासावीस होतो. व्याख्यानमाला अजून होतात, पण संशोधक विद्यार्थ्याला तिथे बोलावत नाहीत. दोन तासांच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यांत पाऊण तास जातो आणि प्रश्नोत्तरं “वेळेअभावी” गाळली जातात. विद्यार्थ्यांना बोलायला शिकवण्यासाठी बाहेरून प्रशिक्षक येतात. ते हात कसे ठेवावेत, कोट कुठला घालावा, हसावं कधी, हे शिकवतात. त्या मुलाने तीन वर्षं काय केलं हे ते विचारत नाहीत. परवा एका शहरातल्या विज्ञान-संमेलनात व्याख्यान रंगात आलेलं असताना वीज गेली. बोलणारा मुलगा साठ स्लाइड घेऊन आला होता. सभागृहात उजेड भरपूर होता, दोनशे माणसं थांबून होती, आणि तो वीज यायची वाट पाहत बावीस मिनिटं गप्प उभा राहिला. स्वतःच्या कामाबद्दल पडद्यावाचून एक वाक्य त्याला बोलता आलं नाही. दोष त्याचा नव्हता. त्याला आम्ही कुणी तसं शिकवलंच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रश्नांबद्दल अजून सांगायचं राहिलं आहे, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं तेच. जयंत नारळीकर आपल्याला २०२५ च्या मे महिन्यात सोडून गेले. त्यांच्या कथांवर, ग्रंथांवर, आयुकावर पुष्कळ लिहून आलं. मला त्यांची पोस्टकार्डं आठवतात. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी गराडा घालत तेव्हा ते सांगत, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्यावर सही असेलच. व्याख्यान कुठे सुरू होतं हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं.

आमच्या विद्यार्थिनीचं पारावरचं बोलणं त्या दिवशी पस्तीस मिनिटांत आटोपलं. दगड अजून लोकांच्या हातांत होते. पाराच्या कडेला बसलेले एक आबा उठले.

“पोरी, माझी विहीर चाळीस फुटांची. माघापर्यंत पाणी धरायची. शेजारच्यानं बोअर मारलं, पाचशे फुटांचं. त्याला पाणी लागलं नाही, आणि माझी मात्र त्या सालापासून दिवाळीलाच आटती. त्यानं पाणी उपसलंच नाही, तर माझं गेलं कुठं?”

ती गप्प झाली. मी मागे उभा होतो. मदतीला जावं असं फार वाटलं, पण गेलो नाही.

“आबा, मला आत्ता सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “तुमची विहीर मी बघितलेली नाही. उद्या सकाळी येऊ का?”

पारावर क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग आबांनी मान हलवली आणि वाट सांगायला सुरुवात केली: ओढ्याच्या अलीकडे, बाभळीपाशी डावीकडे. त्यानंतर प्रश्नांना असं तोंड फुटलं की दिवेलागण होऊन गेली तरी माणसं उठेनात.

दुसऱ्या दिवशी ती गेली आणि पुढे वर्षभर जात राहिली. खडकाच्या दोन थरांमध्ये तिथे गेरूचा पट्टा होता, तोच वरचं पाणी अडवून धरत होता. बोअरने तो भोसकला होता. भोकाला पुरेसा केसिंग पाइप नव्हता, त्यामुळे वरच्या थरातलं पाणी त्या कोरड्या बोअरमधून खालच्या भेगांत उतरून जात होतं. एका पावसाळ्यानंतर शेजाऱ्याने ते बोअर चिकणमाती आणि सिमेंट घालून वरच्या अंगाला बंद करून घेतलं. त्या साली आबांच्या विहिरीत संक्रांतीला पाणी होतं. तिने ती मोजून ठेवली, आणि तिच्या प्रबंधाच्या परिशिष्टात एक्केचाळिसावी विहीर म्हणून तिची नोंद आहे.