किनाऱ्याला जोडणारी बोट

हुबळी-धारवाडला समुद्र नाही, पण इथल्या कापसाची त्याच्याशी जुनी ओळख आहे. धारवाडचा देशी कापूस बाजारात ‘कुमठा’ म्हणून विकला जाई, कारण घाट उतरून तो कुमठा बंदरातूनच बाहेर जात असे. 1888 मध्ये गोव्यातल्या मुरगाव बंदराची रेल्वे घाट चढून आली आणि हा माल रुळांवरून बंदरात पोचू लागला. आम्हा घाटावरच्यांना रेल्वेने समुद्राशी जोडले. खाली कोकणाला मुंबईशी जोडण्याचे काम मात्र पुढची शंभर वर्षे बोटीने केले.

कोकणचा नकाशा पाहिला की कारण कळते. पूर्वेला सह्याद्री, आणि दक्षिणेकडे निघावे तर सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्यांच्या खाड्या एकापुढे एक आडव्या. पूल नव्हते. पावसाळ्यात ही लांबची बोट बंद झाली की हर्णै, देवगड, मालवणची जणू बेटेच होत. हंगाम सुरू झाला की मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीला पोचे. गिरणीतला चाकरमानी तिनेच गावी येई, आंब्याच्या पेट्या तिनेच मुंबईला जात.

खरी कसोटी लागे ती चढता-उतरताना. बऱ्याच बंदरांत पाणी उथळ, म्हणून बोट दूर खोल पाण्यात नांगर टाकी. किनाऱ्यावरून माणसे पडावात बसत. बोटीला टेकलेला पडाव लाटेबरोबर वरखाली होई. तो वर आला की त्याच क्षणी खलाशी हात धरून म्हातारीला शिडीवर घेई, मागोमाग पोर, मग वळकटी आणि ट्रंक. तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची.

या वाटेने जीवही घेतले. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचवले.

‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही शेवटच्या काळातली नावे. 1980 च्या दशकाअखेर मुंबई-पणजीची ही सेवा थांबली. तोवर बऱ्याच खाड्यांवर पूल झाले होते. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

तरीही समुद्रवाट संपली असे मला वाटत नाही. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जहाज जाते. त्यात गाड्याही चढतात, माणसेही. हे शक्य झाले, कारण जहाजाआधी मांडव्याला लाटा अडवणारा बांध आणि धक्का उभा राहिला. घाटावरच्या कापसासाठी तेव्हा डोंगर फोडले गेले, बोगदे खोदले गेले. देवगड-वेंगुर्ल्याच्या माणसांसाठी आधी धक्के बांधावेत. मग जहाजे येतील आणि टिकतील.