दहा मिनिटांच्या गप्पांआधीचं विज्ञान

लखनौचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला 2025च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते. 4 जुलैला बंगळुरूच्या आणि 8 जुलैला शिलाँगच्या अवकाश केंद्रातून विद्यार्थी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवरून त्यांच्याशी बोलले. तिथे झोपता कसे, खाता काय, हे मुलांचे प्रश्न गाजले. पण असं बोलणं जेमतेम दहा मिनिटांत का आटपावं लागतं, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतं. एका क्षितिजावर उगवून दुसऱ्यावर मावळेपर्यंतच त्याची लहर थेट आपल्यापर्यंत पोहोचते. त्याचा आवाज 145.8 मेगाहर्ट्झवर येतो, म्हणजे तरंगलांबी साधारण दोन मीटर. साध्या डायपोल अँटेनाच्या दोन्ही भुजा अर्धा-अर्धा मीटरच्या का, याचं उत्तर या लांबीच्या चतुर्थांशात आहे. स्थानक जवळ येताना आणि दूर जाताना वारंवारिता तीनेक किलोहर्ट्झने वर-खाली सरकते. पुस्तकात हा डॉप्लर परिणाम शिट्टी वाजवत जाणाऱ्या रेल्वेवरच थांबतो. इथे ट्यूनिंग चुकलं, तर आवाजच फाटतो.

खिशात मोबाइल असताना हे कशाला, असं कुणीही विचारेल. नुसतं बोलायचं असेल तर खरंच गरज नाही, व्हिडिओ कॉल कितीतरी स्पष्ट. पण मोबाइल आपलं सगळं काम पडद्याआड उरकतो. हॅम रेडिओत खरखर, दिशा, शक्ती, वेळ हे सगळं शिकणाऱ्याच्या हातात येतं. शिवाय दोघांचं वैर नाहीच: स्थानकावरून अधूनमधून ध्वनीच्या रूपात चित्रं पाठवली जातात, ती मोबाइलवरच्या ॲपनेच उलगडता येतात.

दुसरा आक्षेप परवान्याचा, आणि तो निराधार नाही. बोलायचं तर केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, मग कागदपत्रं, मग वाट पाहणं. या कारभाराला वेग हवाच. पण बाराव्या वर्षापासून देता येणाऱ्या या परीक्षेत प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम दोन्ही येतात. लहरी सामाईक आहेत, हे त्या वयात कळणं काही वाईट नाही. ही वाट कुठवर जाते, ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने दाखवलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016ला पीएसएलव्हीने कक्षेत गेला. हॅम मंडळींचे निरोप पोहोचवणं हे त्याचं एक काम होतं.

अशी सुरुवात लखनौतही करता येईल. तिथे अलीगंजमध्ये शुक्लांची शाळा आहे आणि आंचलिक विज्ञान नगरीही. पाहुण्या अंतराळवीराचा कार्यक्रम वर्षा-दोन वर्षांतून एकदा होईल. स्थानक मात्र रोज अनेकदा शहराच्या टप्प्यात येतं. विज्ञान नगरीच्या गच्चीवर कायमची अँटेना उभारली, तर पुढच्या फेरीची वेळ मुलं स्वतःच काढतील.