एका अक्षराचा रोग

वेदांतील स्वरांचा ज्यांनीं थोडाबहुत अभ्यास केला आहे, त्यांना ‘इंद्रशत्रु’ या शब्दाची कथा ठाऊक आहेच. त्वष्ट्याच्या यज्ञांत या एका शब्दाचा स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला, आणि इंद्राला मारण्यासाठीं निर्माण केलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. एवढ्याशा दोषानें एवढा अनर्थ कसा होईल, असें कोणी विचारील. परंतु आधुनिक जीवशास्त्रानें मनुष्याच्या रक्तांत अगदीं तसाच एक दोष दाखवून दिला आहे.

सिकलसेल हा तो रोग होय. यांत तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनीं रोगाचें मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूंतच असल्याचें दाखविलें. आपल्या शरीराची संहिता डीएनएच्या चारच अक्षरांनीं लिहिलेली असून तिचा विस्तार सुमारें ३०० कोटी अक्षरांचा आहे. तींत हिमोग्लोबिनच्या एका ठिकाणीं ‘ए’च्या जागीं ‘टी’ पडतो, इतकाच काय तो पाठभेद!

२०१२ सालीं एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना या विदुषींनीं डीएनए हव्या त्या ठिकाणीं कापण्याचें क्रिस्पर नांवाचें साधन सिद्ध केलें. २०२० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. या साधनानें होणारा सिकलसेलवरील उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका येथें मान्य झाला. नवल हें कीं, त्यांत चुकलेलें अक्षर दुरुस्त केलेंच जात नाहीं. गर्भावस्थेंत आपलें हिमोग्लोबिन निराळें असतें व जन्मानंतर तें हळूहळू बंद पडतें. रोग्याच्या मूळपेशी बाहेर काढून, तें बंद करणारी कळ तेवढी निकामी करितात व त्या पेशी पुन्हां शरीरांत सोडतात. अमेरिकेंत मान्यतेपूर्वीं तपासलेल्या ३१ रोग्यांपैकीं २९ जणांस सलग बारा महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाहीं.

मात्र तेथें या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हांच्या भावानें सुमारें १८ कोटी रुपये, ठरली. आपल्याकडे हा रोग विदर्भांत व सातपुड्याच्या डोंगरांत, विशेषेंकरून आदिवासी कुटुंबांत आढळतो. त्यांना ही रक्कम म्हणजे आकाशपुष्पच. तथापि हायड्रॉक्सियुरिया हें जुनें, स्वस्त औषध त्याच गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिनचें प्रमाण वाढवून झटके कमी करितें, हें अनेकांस ठाऊक नसतें.

त्याहून सोपा उपाय रक्तपरीक्षेचा. दोष एकाच पालकाकडून आला तर मनुष्य केवळ वाहक होतो. तो बहुधा निरोगीच असतो. परंतु वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेंतही तपासणीवरच भर आहे.

एकनाडीचा दोष टाळण्यासाठीं आपण किती पत्रिका परत पाठविल्या, याची गणती नाहीं. ती चिकित्सक बुद्धि रक्ताच्या बाबतींतही वापरावी, असें आम्हांस वाटतें. आमच्या वाचकांत शिक्षक व डॉक्टर पुष्कळ आहेत. ज्यांच्या गांवीं हा रोग आहे, त्यांनीं विवाहापूर्वीं तपासणीचें महत्त्व घरोघर सांगावें. आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हेंही तितक्याच आग्रहानें सांगावें. शास्त्रज्ञांनीं अक्षर ओळखून दिलें आहे. तें वाचावयास लोकांना शिकविणें हें काम आपलें आहे.