गळाच्या काठीवरील दोरा-बांधणी आणि ताण-नियंत्रकाची निवड : एक घर्षणशास्त्रीय विवेचन

सारांश :
मागणीनुसार हाताने घडविल्या जाणाऱ्या गळाच्या काठीवर धातूच्या कड्या दोऱ्याने बांधल्या जातात. बांधणीचा दर्जा दोऱ्यातील ताणावर अवलंबून असतो आणि तो राखण्यासाठी निरनिराळी साधने वापरली जातात. साधन निवडताना 'ते किती ताण देते' हा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. प्रस्तुत लेखात 'ते किती एकसारखा ताण देते' हा प्रश्न अधिक मूलभूत असल्याचे घर्षणाच्या प्राथमिक नियमांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना :
गळ टाकून मासे धरण्याची कला प्राचीन आहे. कोकण किनाऱ्यावर तिला 'गरवणे' म्हणतात आणि तेथे अनेकदा काठीशिवाय, केवळ हातातील तंगुसानेही गरवले जाते. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, मात्र गळाची काठी स्वतः घडविणे हा एक स्वतंत्र छंद व लघुव्यवसाय म्हणून विकसित झाला. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरफळ्या एकत्र चिकटवून काठ्या बनविल्या जात आणि त्यांवरील कड्या रेशमी दोऱ्याने बांधल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूची पोकळ काठी आली. १९७३ मध्ये फेनविक या अमेरिकन कंपनीने कार्बन तंतूची काठी बाजारात आणली. १९७४ मध्ये डेल क्लेमेन्स यांचे 'फायबरग्लास रॉड मेकिंग' हे पुस्तक प्रकाशित झाले आणि हाताने काठी घडविणाऱ्यांना एक व्यवस्थित मार्गदर्शक लाभला.

या स्थित्यंतरातील एक बाब येथे महत्त्वाची आहे. बांबूची काठी सहसा भरीव असे, त्यामुळे दोरा थोडा अधिक आवळला गेला तरी ती तो ताण सोसत असे. कार्बन तंतूची काठी ही पातळ भिंतीची पोकळ नळी असते. तिच्यातील बहुतांश तंतू लांबीच्या दिशेने असल्यामुळे ती वाकण्यास समर्थ, परंतु बाजूने चेपली जाण्यास तुलनेने दुर्बल असते. काठी बदलली, पण 'घट्ट ते बळकट' ही समजूत बदलली नाही. या समजुतीची किंमत बहुधा बांधणीच्या वेळी कळत नाही. ती काही महिन्यांनी, मोठा मासा गळाला लागून काठी पूर्ण वाकलेली असताना चुकवावी लागते.

बांधणीचे स्वरूप व दोऱ्याचे कार्य :
कडीला एक किंवा दोन चपटे पाय असतात. पाय नळीवर टेकवून त्याच्या टोकाच्या थोडे अलीकडून दोऱ्याचे वेढे सुरू केले जातात. काठी स्वतःभोवती फिरते आणि दोरा एकाशेजारी एक असे वेढे घेत पायावर चढतो. दोरा सहज चढावा यासाठी पायाचे टोक कानशीने घासून उतरते केलेले असते. बांधणी पूर्ण झाल्यावर तिच्यावर इपॉक्सीचा लेप दिला जातो आणि तो सुकेपर्यंत काठी सावकाश फिरवत ठेवली जाते.

दोऱ्याचे कार्य येथे नेमके समजून घेणे आवश्यक आहे. लेप देण्यापूर्वी कडीला जागेवर धरून ठेवणे एवढेच काम दोऱ्यातील ताण करतो. अंतिम बळकटी दोरा आणि त्यात मुरलेले इपॉक्सी यांच्या एकत्रित थराला प्राप्त होते. म्हणूनच अनुभवी कारागिरांचा एक सर्वमान्य संकेत असा आहे की, बांधलेली कडी आपोआप हलू नये, परंतु अंगठ्याने जोर दिल्यास किंचित सरकावी. सर्व कड्या एका रेषेत आणण्यासाठी एवढी मोकळीक लागतेच. ताण याहून अधिक झाल्यास कड्या जुळविता येत नाहीत, वेढ्यांमध्ये इपॉक्सी नीट मुरत नाही आणि पायाची धार नळीत रुतते. ताण कमी पडल्यास वेढ्यांत फटी पडतात आणि लेप देतानाच कडी जागा सोडते.

ताण आणि दाब यांचा संबंध :
वेढ्यातील ताण नळीवर दाबाच्या रूपाने व्यक्त होतो. आदर्श स्थितीत हा दाब म्हणजे दोऱ्यातील ताण भागिले नळीची त्रिज्या आणि दोऱ्याची जाडी यांचा गुणाकार होय. बारीक प्रतीच्या बांधणी-दोऱ्याची जाडी सुमारे ०.१५ मि.मी. असते. ताण ९० ग्रॅम आणि नळीची त्रिज्या ३ मि.मी. धरल्यास दाब दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅम येतो. म्हणजेच बोटांना हलका वाटणारा ताण शेकडो वेढ्यांतून वातावरणीय दाबाच्या सुमारे वीसपट दाब निर्माण करतो.

याच सूत्रातून आणखी दोन गोष्टी निष्पन्न होतात. काठीच्या टोकाकडे त्रिज्या १ मि.मी. झाली आणि ताण तोच ठेवला, तर दाब तिप्पट, म्हणजे ६० किलोग्रॅम होतो. नळीची भिंत तेथे पातळही असते. त्यामुळे बुंध्याकडून टोकाकडे जाताना ताण कमी करीत नेणे हितावह ठरते. याउलट ०.२५ मि.मी. जाडीचा दोरा वापरल्यास ३ मि.मी. त्रिज्येवर त्याच ताणाचा दाब १२ किलोग्रॅमवर येतो, म्हणून जाड दोऱ्याला काहीसा अधिक ताण देता येतो. तात्पर्य, संपूर्ण काठीसाठी योग्य असा एकच ताण नसतो. साधन सहज कमी-अधिक करता येणे आणि केलेली जुळणी टिकणे, या दोन्ही बाबी आवश्यक आहेत.

ताण-नियंत्रकांचे प्रकार :
प्रचलित साधने वरकरणी भिन्न दिसली तरी त्यांच्या कार्यतत्त्वानुसार त्यांचे तीन वर्ग करता येतात.

(अ) ताणात भर घालणारी साधने : शिवणयंत्रावर दोरा दोन चकत्यांमधून जातो आणि स्प्रिंग त्या चकत्या एकमेकींवर दाबते. येथे बाहेर पडणाऱ्या दोऱ्यातील ताण म्हणजे आत येणारा ताण अधिक चकत्यांचे घर्षण. हे घर्षण घर्षणांक व स्प्रिंगचा जोर यांवर ठरते, आत येणाऱ्या ताणावर नाही. अनेक हौशी कारागिरांची पहिली युक्तीही याच वर्गात मोडते. रीळ पेल्यात ठेवायचे, दोरा एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून न्यायचा आणि वरच्या पानांच्या वजनाने ताण मिळवायचा. ही युक्ती बाळबोध वाटते, परंतु तिचे तत्त्व चकत्यांच्या साधनाचेच आहे. तिची खरी अडचण म्हणजे ताण मोजून बदलता येत नाही आणि प्रत्येक कडीसमोर पुस्तक सरकवावे लागते.

(आ) ताणाला गुणणारी साधने : दोरा खुंटीभोवती किंवा अनेक छिद्रांतून वळवून नेल्यास प्रत्येक वळणावर ताण ठरावीक पटीने वाढतो. ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ही पट घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारानुसार घातांकी रीतीने वाढते. घर्षणांक ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्याने ताण सुमारे साडेतीन पट, तर पावणेदोन वेढ्यांनी सुमारे ९ पट होतो. साधन स्वस्त व सुटसुटीत असते, परंतु आत येणाऱ्या ताणातील प्रत्येक दोषही ते त्याच पटीने वाढविते.

(इ) रिळालाच रोधणारी साधने : रीळ एका बोल्टवर बसवून दोन्ही बाजूंस फेल्टचे वॉशर, त्यावर स्प्रिंग आणि हाताने फिरवायचा नट, अशी ही रचना असते. काठी बांधण्याच्या यंत्रांवर ती सर्रास आढळते. येथे स्थिर राहते ते रिळावरील रोधक आघूर्ण. दोऱ्यातील ताण म्हणजे हे आघूर्ण भागिले रिळावरील दोऱ्याची त्रिज्या. दोरा संपत जाऊन त्रिज्या १५ मि.मी. वरून १० मि.मी. झाली, तर नट न फिरवताही ९० ग्रॅमचा ताण १३५ ग्रॅम होतो. चुंबकीय रोधक वापरल्यानेही हा दोष आपोआप दूर होत नाही. त्यातील भोवरा-प्रवाहावर चालणारा रोधक वेगावर अवलंबून असल्यामुळे संथ गतीच्या या कामात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. चुंबकीय शैथिल्यावर आधारित रोधकाचे आघूर्ण मात्र वेगानुसार फारसे बदलत नाही. तथापि तो रिळाऐवजी ठरावीक त्रिज्येच्या चाकावर बसविला आणि दोरा त्या चाकावरून नेला, तरच त्याच्या किमतीचे चीज होते.

तुलनात्मक विवेचन :
रिळावरून सुटणाऱ्या दोऱ्याचा ताण कधीच पूर्णतः स्थिर नसतो. रीळ किंचित वाकडे बसलेले असते, दोरा काठाला अडतो, काठी थांबून पुन्हा सुरू होताना रिळाचे जडत्व आडवे येते. समजा, हा मूळ ताण ५ ते १५ ग्रॅम यांदरम्यान बदलतो आणि कारागिराला सरासरी ९० ग्रॅम ताण हवा आहे. चकत्यांनी ८० ग्रॅमची भर घातल्यास बाहेरचा ताण ८५ ते ९५ ग्रॅम राहतो. नऊपट करणाऱ्या खुंटीने तो ४५ ते १३५ ग्रॅम होतो. सरासरी दोन्हीकडे तीच, पण ३ मि.मी. त्रिज्येच्या नळीवर पहिल्या बांधणीचा दाब १९ ते २१ किलोग्रॅम, तर दुसरीचा १० ते ३० किलोग्रॅम. दुसऱ्या बांधणीत काही वेढे सैल आणि काही रुतणारे असतील, आणि वरून लेप दिल्यावर दोन्ही सारखेच सुबक दिसतील.

यंत्रमागाच्या व्यवसायात हेच तत्त्व फार पूर्वीपासून उपयोगात आहे. शेकडो धाग्यांचा ताणा तयार करताना प्रत्येक धागा चकत्यांच्या ताण-नियंत्रकातून नेला जातो, कारण एका धाग्याचा ताण वेगळा पडला तरी कापडात तो रेषेसारखा दिसतो. इचलकरंजी, मालेगाव वा भिवंडी येथील विणकरास जे कापडात डोळ्यांनी दिसते, ते काठीच्या कारागिरास लेपाखाली दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

रीळ-रोधकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ३ मि.मी. त्रिज्येच्या नळीवर २५ मि.मी. लांबीच्या बांधणीस सुमारे १६७ वेढे, म्हणजे जेमतेम ३ मीटर दोरा लागतो. एवढ्याने भरलेल्या रिळाची त्रिज्या फारशी बदलत नाही. दर कडीनंतर ताण तपासणाऱ्या कारागिरास हे साधन पुरेसे आहे. मात्र कोरडे वॉशर अडखळत सुटतात. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा अधिक असल्याने संथ गतीत दोरा धक्क्याधक्क्याने येतो. नायलॉनचा दोरा ताणला जात असल्यामुळे असे धक्के काही अंशी पचवितो. कमी ताणले जाणारे पॉलिएस्टर व जरीसदृश धातुमय दोरे ते थेट बांधणीपर्यंत पोहोचवितात.

निवडीचे व्यावहारिक निकष :
१) कमी ताणाच्या टप्प्यात साधनाची जुळणी बारकाईने करता यावी. नट थोडासा फिरविताच ताण एकदम वाढत असेल, तर स्प्रिंग कामाच्या मानाने ताठ आहे असे समजावे.
२) साधन काठीला समांतर सरकावे आणि दोरा बांधणीच्या समोरूनच यावा. तिरपा येणारा दोरा वेढ्यावर चढतो किंवा फट सोडतो.
३) काठी उलट फिरवून वेढे सोडविताना सैल पडलेला दोरा ओढून घेणारी लहान स्प्रिंग असणे लाभदायक ठरते.
४) धातुमय दोरा रिळाच्या बाजूने सुटावा. टोकावरून सुटल्यास प्रत्येक फेऱ्यास एक पीळ पडतो.
५) चकत्या उघडून पुसता याव्यात. त्यांत अडकलेले तंतू घर्षणांक बदलतात आणि कारागिराच्या नकळत जुळणी बिघडते.

साधनाची परीक्षा घरच्या घरी करता येते. साधनातून आलेला दोरा खाली लोंबता सोडून त्यास हलका पेला बांधावा आणि त्यात थोडे थोडे पाणी घालावे. दोरा सुटू लागेल त्या वेळचे पेल्यासह वजन म्हणजे सुरुवातीचा ताण. नंतर पाणी कमी करीत, हाताने चालना दिल्यावर दोरा ज्या किमान वजनाला संथपणे सुटत राहील, तो चालू स्थितीतील ताण. या दोहोंतील अंतर जितके कमी, तितके साधन चांगले. हीच मोजणी भरलेल्या, अर्ध्या व रिकाम्या होत आलेल्या रिळावर करावी. पदवी वर्गाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतही घर्षणाच्या अध्यापनासाठी हा प्रयोग अल्प खर्चात घेता येण्यासारखा आहे.

निष्कर्ष :
१) बांधणीतील ताण कडीला लेपापर्यंत जागेवर धरण्यासाठी असतो, अंतिम बळकटीसाठी नव्हे.
२) समान ताणाचा दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणून टोकाकडे ताण घटविणे आवश्यक आहे.
३) ताणात भर घालणारे साधन मूळ चढउतार जसाच्या तसा ठेवते, गुणणारे साधन तो वाढविते आणि रीळ-रोधकाचा ताण दोरा संपत जाईल तसा वाढत जातो.
४) त्यामुळे नियमित काम करणाऱ्याने चकत्यांचे साधन, अधूनमधून काठी घडविणाऱ्याने वारंवार तपासणीसह रीळ-रोधक आणि नवशिक्याने निःसंकोचपणे पुस्तक व पेला वापरावा. केवळ खुंट्यांवर विसंबणारे साधन शक्यतो टाळावे.

साधनाची किंमत आणि त्याची गुणवत्ता यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. पेला व पुस्तक घेऊन बसलेला नवशिका महागड्या रोधकाचा नट आवळत राहणाऱ्या कारागिरापेक्षा अधिक निर्दोष बांधणी करू शकतो, कारण त्याच्या साधनाचे तत्त्व योग्य असते. हत्यार विकत घेण्यापूर्वी त्यामागील नियम समजून घेणे, हीच कोणत्याही हस्तव्यवसायातील पहिली काटकसर होय.