चेंबरचं झाकण

पावसाळ्यात नाशिकच्या कुणालाही फोन केला की पलीकडून पहिली खबर मारुतीची येते. "गुडघ्याला लागलं." "कमरेपर्यंत आलंय." "आता छाती बुडते बघ." रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पाटबंधारे खात्याचे क्युसेकचे आकडे येतात, पेपरात छापूनही येतात, पण होळकर पुलाच्या कठड्याला टेकून गंगा (म्हणजे आमची गोदावरी) बघणाऱ्याला क्युसेकशी काही घेणं नसतं. मारुतीच्या वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. 1747 साली नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या देवळाच्या तटावर टांगलेली, मराठ्यांच्या वसईच्या विजयातून आलेली. तिला पाणी लागलं की जुनी माणसं 1969 चा पूर काढतात, नंतरची 2008 चा.

भांडी बाजारातला दुकानदार मात्र मारुतीची चौकशी करत नाही. त्याचं लक्ष दुकानासमोरच्या चेंबरवर असतं.

पाऊस लागला की मी गावठाणात फिरायला जातो, तेव्हा हे पहिल्यांदा ध्यानात आलं. दहीपुलावरून उतरताना एका पितळी भांड्यांच्या दुकानाशी थांबलो होतो. मालक गल्ल्यावर होते, पण नजर रस्त्यात. लोखंडी झाकणाच्या भोकांतून पाणी वर येत होतं. उसळी नव्हती, नुसते बुडबुडे आणि त्यांच्यामागे काळसर पाण्याची पातळ चकती, हळूहळू रुंदावणारी. "अण्णा, गंगा तर अजून मारुतीच्या पायाशीच आहे," मी म्हटलं. "असू द्या ना," ते म्हणाले, "आमच्याकडे मागच्या दाराने येते." आणि पोराला हाक मारली, "खालची रांग उचल रे."

खालची रांग म्हणजे घंगाळं, हंडे, बंब. जड माल एरवी जमिनीवरच असतो, त्याला माळ्यावर कोण चढवणार? पोरगा आधी हंडे एकात एक घालून उचलू लागला. स्टीलच्या डब्यांना त्याने हातही लावला नाही. स्टील धुतलं की झालं. तांब्या-पितळेवर गटाराचं पाणी एक रात्र राहिलं तर डाग धरतो, पुन्हा चिंच लावून घासायचं, पॉलिश करायचं, आणि तरी गिऱ्हाईक विचारणार, पुरातला माल आहे का? कागदी खोक्यांतल्या मालाला सगळ्यात आधी माळा. दाराच्या चौकटीला दोन्हीकडे खाचा होत्या. त्यांत फळ्या सरकवल्या, फटींत गोणपाट कोंबलं. हे सगळं न बोलता चाललं होतं.

हे मागचं दार म्हणजे सरस्वती नाला. जुन्या नाशकातून उघडा वाहणारा हा ओढा आता झाकला गेलाय. त्याच्यावर रस्ते आहेत, दुकानं आहेत, आणि दहीपुलावर उभं राहून "पूल कुठंय?" असं विचारणारे पाहुणे आहेत. सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार हा सगळा खोलगट पट्टा त्याच्याच वाटेवरचा. गावातलं पावसाचं पाणी पोटात घेऊन तो गोदाघाटावर नदीत उतरतो. नदी खाली असली तर ठीक. नदीची पातळी नाल्याच्या तोंडाच्या वर गेली की नाल्याला उतार उरत नाही. वरून येणारं पाणी तुंबतं, नदीचं पाणी आत शिरतं, आणि दोघं मिळून जिथे झाकण सापडेल तिथून वर येतात.

2017 च्या जूनमध्ये तर नदीचाही पत्ता नव्हता. पावसाळा नुकता लागला होता, धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. शहरावर धो-धो पाऊस कोसळला आणि सराफ बाजारात गाड्या वाहू लागल्या. मारुती कोरडा आणि सराफ पाण्यात. त्या दिवशी गंगापूर धरणाला दोष देता येईना, म्हणून पहिल्यांदा लोक नाल्याबद्दल नीट बोलले.

एरवी सगळं खापर धरणावर. "यांनी एकदम सोडलं" हे वाक्य दर पुरात ऐकू येतं. गंगापूर हे 1965 साली पूर्ण झालेलं मातीचं धरण, मुळात साठवण्यासाठी. शहराचं पिणं त्याच्यावर, शेती त्याच्यावर. पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं. जुलैतच काठोकाठ भरून ठेवलं तर ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या डोंगरात कोसळणारं पाणी ठेवायला जागा नाही, आणि रिकामं ठेवलं नि पाऊस गेला तर उन्हाळ्यात टँकर. अभियंत्याच्या खुर्चीत बसून हे ठरवणं सोपं नाही, एवढं मी मान्य करतो. शिवाय धरणातून सुटलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून जाणारं पाणी हे दोन आकडे वेगळे. मधल्या पट्ट्यातला पाऊस, ओढे, शहराचे नाले त्यात भर घालतात. इथे पूर म्हणून ज्याला शिव्या बसतात तेच पाणी पुढे चांदोरी-सायखेड्याची शेतं बुडवतं, नांदूरमधमेश्वरचा बंधारा ओलांडतं आणि पैठणला जायकवाडीत पोचलं की त्याचं कौतुक होतं. दिवाळीच्या सुमाराला वरून खाली किती पाणी सोडायचं, यावरूनच भांडण.

घाटावरचं काम मात्र बघण्यासारखं. विसर्ग वाढणार अशी खबर आली की भोंगा फिरतो, आणि पूजेच्या साहित्याची, खेळण्यांची, भेळीची दुकानं पाहता पाहता उठतात. टपऱ्यांना बहुधा चाकं असतात, नसली तर चार माणसं खांदा देतात. ज्यांना वर जागा मिळत नाही ते साखळदंडाने टपरी खांबाला बांधतात. माल आधी, पत्रे नंतर, देवाची तसबीर मालकाच्या स्वतःच्या हातात. रामकुंडावर दशक्रियेला आलेल्या मंडळींना गुरुजी वरच्या पायरीवर सरकवतात, विधी चालूच.

आणि पाणी उतरतानाचं काम याहून घाईचं. पाणी पोटरीपर्यंत असतानाच दुकानातली माणसं खराटे घेऊन उतरतात. बाहेरच्याला वाटतं, जरा ओसरू तरी द्या! पण गाळ पाण्यात आहे तोवरच ढकलता येतो. पुराचंच पाणी बादलीने भिंतीवर मारायचं, गाळ खाली पाडायचा आणि जाणाऱ्या पाण्याबरोबर त्याला वाटेला लावायचं. एकदा पाणी गेलं नि ऊन पडलं की तोच गाळ फरशीला धरतो, मग फावडं, घमेलं आणि टँकरची वाट. शटरच्या पट्ट्यांत अडकलेला गाळ एक बाई पत्र्याच्या तुकड्याने काढत होत्या, खालून वर, प्रत्येक पट्टी. महापालिकेची माणसं मागून पावडर मारत येतात.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. 2008 च्या पुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. कागदावर चांगलंच. गावठाणातले जुने वाडे मात्र या रेषांत सापडले. पुन्हा बांधायला परवानगीची अडचण, दुरुस्तीला मालक-भाडेकरूंचं जमत नाही, आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत बसते. नंतर स्मार्ट सिटी आली. घाटाचं सुशोभीकरण झालं, होळकर पुलाखालच्या बंधाऱ्याला यांत्रिकी दरवाजे बसवण्याचं काम निघालं, गावठाणातले रस्ते उकरले गेले. 2003 च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्राच्या तळाला ओतलेलं काँक्रीट आणि त्याखाली गाडली गेलेली जुनी कुंडं मोकळी व्हावीत म्हणून गोदाप्रेमींनी न्यायालयापर्यंत लढा दिला, तो वेगळ्या लेखाचा विषय. माझं म्हणणं एवढंच, की पैसा बहुतेक पुढच्या दारावर लागला. घाट दिसतो, फोटोत येतो. झाकलेला नाला दिसत नाही.

नाल्याच्या तोंडाला एकतर्फी झडप बसवा, नदी चढली की आपोआप मिटेल, ही सूचना नेहमी होते. तेवढ्याने भागत नाही. झडप मिटली म्हणजे नदी आत येणार नाही हे खरं, पण त्याच वेळी शहरावर पाऊस पडत असला तर आतलं पाणी जाणार कुठे? ते उपसून नदीत टाकायला पंप हवेत, पंपांना वीज हवी, आणि नेमकी पुराच्या रात्री वीज बंद केलेली असते, म्हणून जनरेटर हवा, तोही पूररेषेच्या वर. आणि हे सगळं करायच्या आधी नाला आतून साफ हवा. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत उघडे नाले साफ होतात, त्यांचा गाळ काठावर दिसतो. दुकानांखालून गेलेल्या नाल्यात उतरायला चेंबरच धड सापडत नाहीत. काहींच्या वर डांबर आहे, काहींच्या वर ओटा.

भांड्यांच्या दुकानाचे अण्णा याच मुद्द्यावर येतात. 2026-27 च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पुराच्या हंगामात. 2008 चा पूर 19 सप्टेंबरचा होता, हे त्यांना तारखेनिशी पाठ आहे. लाखोंची गर्दी घाटावरून हलवायची वेळ आली तर लोक याच बोळांतून वर येणार, दहीपूल आणि भांडी बाजारातून. तेव्हा या बोळांत किती पाणी असेल ते आधी कुणीतरी मोजायला हवं, असं ते म्हणतात. पाहणीला आलेल्या साहेबांना त्यांनी एकच विनंती केली: डांबर टाकण्याआधी चेंबर कुठे आहेत त्यांच्या खुणा भिंतीवर रंगवून ठेवा. साहेबांनी ती वहीत लिहून घेतली.